आकडीवर वेखंड: तपासायचं कसं, आणि तोवर घरात काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातल्या एका गावात प्रश्नकर्त्यांची आत्या गेली कित्येक वर्षं आकडीवर वेखंड देते. परसातला गड्डा सहाणेवर उगाळायचा, मधात कालवायचा आणि चाटवायचा. पंचक्रोशीतून माणसं पोरं घेऊन येतात, गुण आला म्हणतात. प्रश्नकर्ते बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. हे औषध प्रयोगशाळेत कसं तपासायचं, ते सुरक्षित आहे का आणि पेटंट मिळेल का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय घरात १९ वर्षांचा पुतण्या आहे. त्याला एप्टॉइन (म्हणजे फेनिटॉइन, आकडीची गोळी) चालू आहे आणि घरच्यांचं म्हणणं, गोळ्या बंद करून आत्याचंच औषध द्यावं. माझी सगळी नोकरी औषधशास्त्र शिकवण्यात आणि वनस्पतींच्या अर्कांवर असल्याच चाचण्या करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुतण्याचं आधी, कारण बाकीचं थांबू शकतं. गोळी बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. फेनिटॉइन एकदम थांबवलं की दाबून ठेवलेल्या आकड्या उसळून येतात, आणि कधीकधी पहिली संपायच्या आत दुसरी सुरू होते. पाच मिनिटांपुढे चाललेली आकडी म्हणजे दवाखाना गाठायची वेळ. आडगावातून रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठायला, त्यात पावसाळ्यात घाटात दरड आलेली असली तर, किती वेळ जातो ते तुम्हाला मी सांगायला नको.

‘मग गोळीही देऊ आणि वेखंडही देऊ’ हा पुढचा विचार घरात निघणारच. तोही नको. १९९२ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी एक प्रकरण नीट तपासून प्रसिद्ध केलं होतं. फेनिटॉइनवर असलेल्या दोन रुग्णांनी शंखपुष्पीचं तयार औषध सोबत घ्यायला सुरुवात केली आणि ताब्यात असलेल्या आकड्या परत येऊ लागल्या. रॅटवर तपासल्यावर दिसलं, की ते औषध काही दिवस सोबत दिलं तर रक्तातली फेनिटॉइनची पातळी खाली येते. यातली मेख अशी, की तेच औषध एकटं दिल्यावर आकडीविरुद्ध थोडा गुणही दाखवत होतं. म्हणजे गुणाची वनस्पती आणि गुणाची गोळी एकत्र आल्या आणि रुग्णाचं नुकसान झालं. उलट्या बाजूने, मिऱ्यातलं पायपरिन फेनिटॉइनचं शोषण वाढवतं हेही दाखवलेलं आहे. फेनिटॉइनला रक्तात फार थोडी जागा असते, मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. खाली गेलं तर आकडी, वर गेलं तर झोकांड्या जाणं, डोळे थरथरणं, एकाला दोन दिसणं. वेखंडाने पातळी कुठे सरकते हा प्रयोग घरातल्या पोरावर करायचा नसतो. त्यात वेखंड जास्त पोटात गेलं की तासन्‌तास उलट्या होतात, हे बाहेरच्या देशांतही नोंदलं गेलंय. उलटीत गोळी पडली तर त्या दिवसाचा डोस गेलाच.

आता आत्याबाईंच्या अनुभवाकडे. तो खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या ग्रंथांतही अपस्मारावर वेखंडाची पूड मधातून आणि वर दूधभात असा प्रयोग आहे, म्हणजे त्यांनी काही मनाचं काढलेलं नाही. पण त्यांच्याकडे येतात कोण ते पाहा. बहुतेक लहान मुलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात आकडी येते आणि त्यातल्या बहुतेकांची ती वयाबरोबर आपोआप जाते. शाळकरी वयात, बरेचदा झोपेत येणारी, तोंडाची एक बाजू ओढणारी अशी एक जात असते, तीही मिसरूड फुटेपर्यंत बहुधा निघून जाते. शिवाय साधी आकडी दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. तेवढ्या वेळात सहाण धुऊन, गड्डा शोधून, उगाळून होतो. श्रेय वेखंडाला मिळतं. आणि माणूस नवा उपाय धरतो तो आकड्या फार वाढल्यावरच, तेव्हा पुढच्या महिन्यात त्या थोड्या उतरतातच. ज्यांना गुण आला नाही ते सांगायला परत येत नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरची गोळी चालूच ठेवणारेही असतात; आत्याला वाईट वाटेल म्हणून ते गप्प बसतात.

म्हणून तुमचा पहिला प्रयोग शाईचा. एक वही घाला. येणाऱ्याचं वय, आकडी तापात आली की बिनतापाची, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, वेखंड किती आणि किती दिवस दिलं, सहा महिन्यांनी काय स्थिती आहे. सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः विचारायला जायचं, त्यांची वाट पाहायची नाही. अशा वहीने काही सिद्ध होणार नाही, पण मोठ्या माणसांच्या बिनतापाच्या आकड्यांवर खरंच काही दिसतंय का, याचा अंदाज येईल. वनस्पतीवरच्या कितीतरी प्रबंधांत हीच पायरी गाळलेली असते आणि मग उंदरांवर प्रयोग करण्यात वर्षं जातात.

दुसरं काम, वनस्पती नक्की कुठली. तुम्ही म्हणाल, वेखंड कोण ओळखत नाही! पण काष्ठौषधीच्या दुकानात वेखंड म्हणून कुलिंजनाचे तुकडे मिळतात, बाळवेखंड म्हणून आयरिसच्या जातीची मुळं मिळतात. दुकानातला माल वापरूच नका. आत्याच्या परसातलं, पाटाच्या कडेला ओलीत वाढलेलं झाड मुळासकट काढा. अ‍ॅकोरस कॅलॅमसला, म्हणजे वेखंडाला, कणीस क्वचितच येतं. आलं असेल तर ते जरूर ठेवा. नमुना दाबून सुकवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घ्या आणि त्याचा क्रमांक जपून ठेवा. आपल्याकडे आणखी एक पीडा आहे: जून ते सप्टेंबर काहीही सुकत नाही. ओलसर गड्डा पोत्यात भरला की आतून बुरशी धरते, मग तुम्ही वेखंड तपासताय की बुरशीचं विष, हे देवालाच ठाऊक. पाऊस सरल्यावर काढा, सावलीत पातळ चकत्या करून सुकवा. पूड केली की शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम तपासून घ्या. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा अनुक्रमे दशलक्ष भागांत १०, ३, १ आणि ०.३ अशा आहेत.

एवढं झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. वेखंडाच्या तेलात अल्फा-अ‍ॅसारोन आणि बीटा-अ‍ॅसारोन असतात. मेंदूवर जो काही परिणाम होतो तो बराचसा यांच्यामुळेच. आणि वेखंडाची जी भीती आहे तीही बीटा-अ‍ॅसारोनचीच. गुण एका घटकात आणि दोष दुसऱ्यात असता तर दोष काढून टाकून मोकळं होता आलं असतं. इथे तसं नाही. म्हणून ‘आधी गुण तपासू, सुरक्षितता मागाहून’ हा नेहमीचा क्रम वेखंडाला लावू नका. दोन्ही चाचण्या एकाच अर्काच्या, एकाच घाण्यातल्या नमुन्यावर, बरोबरीने करा.

भीती कशाची ते सांगतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत रॅटना जम्मूकडच्या वेखंडाचं तेल दीर्घकाळ खायला घातलं, त्यांच्या लहान आतड्यात गाठी झाल्या. १९६८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. नंतर बीटा-अ‍ॅसारोन वेगळं काढून दिलं तेव्हाही तेच दिसलं. आता गंमत पाहा. उत्तर अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्यात बीटा-अ‍ॅसारोन जवळजवळ नसतंच. युरोपातल्या वेखंडात तीन संच, त्यात थोडं. आपल्याकडच्या वेखंडात बहुधा चार, आणि त्याच्या तेलात निम्म्याहून कितीतरी जास्त बीटा-अ‍ॅसारोन. नाव एक, झाड दिसायला तेच, पण युरोपातला शोधनिबंध वाचून कोकणातल्या गड्ड्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

जरा हिशेब करू. समजा आत्या एका वेळी एक ग्रॅम वेखंड देते. सुक्या गड्ड्यात तीन टक्के तेल धरा, म्हणजे ३० मिलिग्रॅम. त्यात पाऊण भाग बीटा-अ‍ॅसारोन धरलं तर साधारण २२ मिलिग्रॅम. युरोपीय औषध यंत्रणेच्या वनौषधी समितीने २००५ मध्ये औषधांतून रोज सुमारे ११५ मायक्रोग्रॅम इतकंच तात्पुरतं चालवून घ्यावं असं म्हटलं, तेही मोठ्या माणसाला. आत्याची एक मात्रा त्याच्या जवळपास २०० पट झाली. माझे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमच्या गड्ड्यात किती आहे ते एचपीटीएलसी किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीवर (दोन्ही अर्कातले घटक वेगळे करून मोजायच्या रीती) काढणं हे तुमच्या प्रकल्पाचं पहिलं खरं काम. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तेवढंसुद्धा पुरे आहे, आणि त्याला एकही प्राणी लागत नाही.

अर्क करताना आत्या जे देते तेच करा. अ‍ॅसारोन तेलात असतं. तुम्ही पाण्यात उकळून काढा केलात तर बरंचसं वाफेबरोबर जाईल; अल्कोहोलमध्ये काढलंत तर भरपूर उतरेल. सहाणेवर उगाळलेल्या गंधात तर तेल, पिष्ट, चोथा सगळंच असतं. तीन अर्क म्हणजे तीन वेगळी औषधं. तिन्हींत बीटा-अ‍ॅसारोन मोजून मगच पुढे जा.

प्राण्यांवरच्या चाचण्यांसाठी कॉलेजच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. ती प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, सीसीएसईएच्या, नियमांखाली चालते. तुमच्या कॉलेजात नोंदणीकृत प्राणीगृह नसेल तर जिथे आहे त्यांच्याशी हातमिळवणी करा, घरच्या पडवीत पिंजरे ठेवून काही करू नका. सुरुवातीच्या चाचण्या दोन. पहिलीत रॅटच्या कानाला चिमटे लावून १५० मिलिअँपिअरचा झटका ०.२ सेकंद देतात. प्राण्याचे मागचे पाय ताठ होऊन मागे ताणले जातात. औषधाने ते ताणणं थांबलं किंवा त्याचा वेळ कमी झाला, तर गुण आहे असं धरतात. विजेचाच झटका मांजरांना देऊन मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये फेनिटॉइनचा आकडीवरचा गुण शोधला, म्हणजे तुमच्या पुतण्याची गोळी याच वाटेने आलेली आहे. दुसरीत पेंटिलिनटेट्राझोल टोचून आकडी आणतात आणि पहिला झटका किती वेळाने येतो ते घड्याळ लावून बघतात. (हे रसायन मेडुना नावाच्या हंगेरियन डॉक्टरने १९३४ मध्ये मनोरुग्णांना मुद्दाम आकडी आणायला वापरायला घेतलं. त्याआधी तो त्याच कामासाठी कापूर टोचत होता. आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कापूर धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

या दोन चाचण्यांत पास झालं म्हणजे जिंकलं असं नाही, आणि नापास झालं म्हणजे संपलं असंही नाही. लेव्हेटिरासिटॅम हे आकडीचं औषध आज सगळीकडे लिहून देतात. ते या दोन्ही नेहमीच्या चाचण्यांत फेल गेलं होतं. उलट, गुंगी आणणारं काहीही दिलं तरी उंदराची आकडी उशिरा येते. आणि वेखंड गुंगी आणतं, झोपेच्या औषधाचा अंमल लांबवतं. म्हणून रोटारॉड हवाच. फिरत्या दांडीवर उंदीर मिनिटभर टिकतो का ते पाहायचं. ज्या मात्रेला आकडी थांबते त्याच मात्रेला उंदीर दांडीवरून घसरून पडत असेल तर तुम्ही आकडीचं औषध शोधलेलं नाही, झोपेचं शोधलंय. मी परीक्षक म्हणून जे प्रबंध वाचले त्यांत रोटारॉडचा तक्ता शोधताना बरेचदा पानं संपायची. मोजणाऱ्याला कुठल्या पिंजऱ्यात अर्क आणि कुठल्यात अर्क ज्यात कालवतात ते नुसतं गोंद-पाणी हे माहीत नसावं, फेनिटॉइनचा एक गट तुलनेला असावा, आणि शक्य असेल तर फेनिटॉइन अधिक वेखंड असाही एक गट असावा. त्या गटाचं रक्त काढून पातळी मोजा. तुमच्या पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गटात आहे.

मात्रेची गफलत तर हमखास होते. समजा रॅटमध्ये किलोला २०० मिलिग्रॅम अर्काने गुण आला. रॅटवरून माणसावर येताना ६.२ ने भागतात, म्हणजे किलोला ३२ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम अर्क. दहा ग्रॅम पुडीतून एक ग्रॅम अर्क निघत असेल तर रोज वीस ग्रॅम वेखंड! कोण खाणार, आणि त्यातलं बीटा-अ‍ॅसारोन किती झालं? निबंधात ‘महत्त्वपूर्ण परिणाम’ असतो, पण तो माणसाच्या पोटात मावणारा नसतो.

विषारीपणासाठी एकदाच किलोला २००० मिलिग्रॅम देऊन चौदा दिवस प्राणी मेला नाही, एवढ्यावर ‘सुरक्षित’ लिहून टाकायची आपल्याकडे रीत आहे. त्या चाचणीत एवढंच कळतं की ते लगेच मारत नाही. आकडीचं औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. तेव्हा २८ दिवस, मग ९० दिवस रोज देऊन यकृत, मूत्रपिंड, आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, जनुकांवर परिणाम होतो का त्याच्या एम्स आणि मायक्रोन्यूक्लियस चाचण्या, आणि गर्भावरच्या चाचण्या या तिन्ही हव्यात. एम्स चाचणीत यकृताचा अर्क मिसळलेला आणि न मिसळलेला असे दोन्ही प्रकार करा. काही द्रव्यं यकृतातून गेल्यावरच त्रासदायक होतात. एवढं काम एकट्या विद्यार्थ्याचं नाही, संस्थेचं आहे.

यात मला आशेची वाटते ती गोष्ट म्हणजे शोधन. शास्त्रात वेखंड तसंच वापरू नये म्हटलंय. गोमूत्र, मुंडी या वनस्पतीचा काढा, पंचपल्लवांचा (पाच झाडांच्या पानांचा) काढा यांत शिजवून आणि शेवटी गंधोदकाची (सुगंधी द्रव्यांच्या पाण्याची) वाफ देऊन मग वापरायचं. जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठातून २०१२ मध्ये कच्च्या आणि शोधित वेखंडाची रॅटवरची तुलना प्रसिद्ध झाली, तीत शोधनाने आकडीवरचा गुण गेला नाही असं दिसलं. तेवढ्या उकळण्याने तेल कमी होणारच. किती कमी होतं आणि उरलेल्यात बीटा-अ‍ॅसारोन किती, हे कोकणातल्या गड्ड्यावर मोजलं तर तुमच्या प्रकल्पाला वजन येईल. आत्याबाई शोधन करत नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

माणसावरची चाचणी तुमच्या हातातली नाही, पण ती कशी असते ते माहीत असू द्या. रुग्णाच्या चालू गोळ्या तशाच ठेवून, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं-चवीचं काहीतरी, कोणाला काय ते कोणालाच ठाऊक नाही, आधी काही आठवडे आकड्यांची रोजनिशी, मग औषध, आणि आकड्या निम्म्याने कमी झालेले किती निघाले याची मोजणी. भांगेतलं कॅनाबिडिऑल या वाटेने गेलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दोन अवघड अपस्मारांसाठी मान्य झालं. त्याच चाचण्यांत कळलं की व्हॅल्प्रोएट या आकडीच्या गोळीसोबत यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि क्लोबाझॅम या दुसरीसोबत गुंगी वाढते. वनस्पतीतून आलेलं औषध मान्य होतं ते असं, त्याचे दोष नीट लिहून. आपल्याकडेही २०१५ पासून वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या, किमान चार घटक मोजलेल्या अर्काला औषध म्हणून वेगळा मार्ग खुला आहे.

पेटंटचं थोडक्यात: पारंपरिक ज्ञान जसंच्या तसं पेटंट होत नाही, पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच तसं आहे. शोधनाची नवी रीत किंवा बीटा-अ‍ॅसारोन कमी केलेला नवा अर्क असेल तर वेगळा विचार होऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत आत्याच्या प्रयोगाची त्यांच्या नावाने नोंद मात्र आताच करून घ्या. आणि ‘आकडीवर खात्रीशीर इलाज’ असा फलक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात करू नका. १९५४च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याच्या यादीत अपस्मार आहे.

आत्याबाईंनी देणं थांबवावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून काहीही नको, मधातल्या जंतूमुळे त्यांना बोटुलिझम होऊ शकतो. गरोदर बाईला नको. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट असं काही चालू असलेल्या कोणालाही नको. आणि आकडी चालू असताना तोंडात काहीच घालायचं नाही, ना वेखंड, ना पाणी, ना चमचा; ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं, गळ्याशी काही आवळलेलं असेल ते सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. हे आत्यांना तुम्हीच सांगा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर त्या ऐकायच्या नाहीत. त्यांच्या दारात लोक येतातच, तर पुतण्याच्या डॉक्टरला विचारून चालू आकडी थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरात ठेवा, तो कसा मारायचा हे आत्यांनाही शिकवून ठेवा. पुतण्याला पुढच्या तपासणीला नेताना फेनिटॉइनची रक्तातली पातळी मोजून घ्या, आणि मधल्या काळात कोणी गुपचूप वेखंड चाटवलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा.